शार्ल आझनावूरची अर्धीच ओळख: फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात, शाळा-कॉलेजांतून आणि खासगी क्लासमधून फ्रेंच शिकवणाऱ्या सर्व सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

वर्गात ‘इंपार्फे’ हा भूतकाळ शिकवायची वेळ आली की एक गाणं बहुतेक ठिकाणी हमखास लागतं: शार्ल आझनावूरचं ‘ला बोएम’. शब्द छापलेला कागद मुलांच्या हातात येतो, मधली क्रियापदं गाळलेली असतात आणि मुलं ऐकत ऐकत रिकाम्या जागा भरतात. गाणं त्यासाठी सोयीचंच आहे. उतारवयातला एक चित्रकार मोंमार्त्रमधल्या आपल्या उपासमारीच्या आणि प्रेमाच्या दिवसांबद्दल बोलतोय, त्यामुळे भूतकाळाची ती रूपं ओळीओळीला भेटतात. तास संपतो. ‘प्रसिद्ध फ्रेंच गायक’ एवढी ओळख वहीत उतरते आणि पुढच्या आठवड्यात दुसरा काळ सुरू होतो.

माझं म्हणणं या तीन शब्दांबद्दल आहे. ते खोटे नाहीत, पण तेवढ्यावर थांबलं तर आझनावूर मुलांना कळतच नाही, आणि मला वाटतं की फ्रेंच भाषाही थोडी कमीच कळते. मी तुमच्यासारख्याच शिक्षकांकडे ही भाषा शिकलो, आज भाषांतरावर माझं घर चालतं. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच लिहितोय.

आझनावूर २२ मे १९२४ रोजी पॅरिसमध्ये जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं शाहनूर आझनावूरियान. प्रसूतिगृहातल्या नर्सला ते झेपेना म्हणून तिने शार्ल केलं, ही हकीकत तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. वडील मिशा आजच्या जॉर्जियातल्या अखाल्त्सिखेचे. आई क्नार तुर्कस्तानातली. १९१५ पासून ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांचा जो संहार झाला, गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली, त्यातून जीव वाचलेल्यांपैकी ती एक. पळता पळता ग्रीसमधल्या सालोनिकात थोरली मुलगी ऐदा झाली. पॅरिसला हे कुटुंब आलं ते राहायला नव्हे, अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघायला. व्हिसा काही आला नाही.

इथे एक तारीख सांगावीशी वाटते. देश गमावलेल्या माणसांना ओळखीचा कागद म्हणून पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाने ‘नान्सेन पासपोर्ट’ काढला होता. तो सुरुवातीला रशियन निर्वासितांपुरता होता. आर्मेनियन निर्वासितांना तो लागू करायचा ठराव झाला ३१ मे १९२४ रोजी, म्हणजे शाहनूरच्या जन्मानंतर नऊ दिवसांनी. या मुलाने डोळे उघडले त्या आठवड्यात त्याच्या लोकांकडे सीमेवर दाखवायला धड एक कागदही नव्हता. पुढे पॅरिसचं दुसरं नाव ठरलेल्या गायकाची सुरुवात ही अशी आहे, आणि ती वर्गात सांगायला दोन मिनिटं पुरतात.

मिशाचा गळा चांगला होता. तो संगीतिकांतून गायचा, क्नार नाटकांतून कामं करायची. त्याने लॅटिन क्वार्टरमध्ये ‘ल कोकाझ’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. तिथे आर्मेनियन आणि रशियन गाणी चालायची, निर्वासित कलावंतांचा राबता असायचा. मिशाचा हात सढळ आणि हिशेब कच्चा, धंदा बुडाला. नऊ वर्षांचा शार्ल तोवर रंगमंचावर उभा राहू लागला होता. घरात आर्मेनियन आणि रशियन, रस्त्यावर पॅरिसची फ्रेंच, असं त्याचं बालपण गेलं. त्याची फ्रेंच बारकाईने ऐका. शब्द तोडून, ठासून, शेवटच्या अक्षरापर्यंत पोचवून तो म्हणतो. भाषा आयती न मिळता कमवावी लागलेल्या माणसाचा हा उच्चार आहे, असं मला नेहमी वाटत आलंय.

आता त्या घराबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण आझनावूरवरच्या लेखांतून हा भाग घाईघाईत उरकला जातो. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मिशा परदेशी स्वयंसेवक म्हणून फ्रेंच सैन्यात दाखल झाला. पराभवानंतर परतला. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ऱ्यू द नावारॅंवरचं त्यांचं लहानसं बिऱ्हाड लपायला आलेल्यांसाठी उघडं होतं. ज्यू येत, प्रतिकार चळवळीतले लोक येत. जर्मनांनी युद्धकैद्यांमधून जबरदस्तीने भरती केलेले आणि तिथून निसटलेले आर्मेनियन सैनिकही येत. त्यांना साधे कपडे द्यायचे आणि अंगावरचे गणवेश नाहीसे करायचे. ते काम मुलांकडे असे. पकडले गेले असते तर सगळ्यांना गोळ्या घातल्या असत्या.

याच घरी मिसाक मानूशियान येत असे. स्वतः संहारातून वाचलेला अनाथ, कारखान्यात राबलेला कामगार, कवी, आणि पॅरिसमधल्या परदेशी कामगारांच्या सशस्त्र गटाचा म्होरक्या. त्याने शार्लला बुद्धिबळ शिकवलं. नाझींनी त्याला २१ फेब्रुवारी १९४४ रोजी मों-व्हालेरियँच्या किल्ल्यावर गोळ्या घातल्या आणि त्याचा व त्याच्या साथीदारांचा फोटो लाल भित्तिपत्रकावर छापून ‘हे बघा, हे परकीय गुन्हेगार’ असा प्रचार केला. त्याची बायको मेलिने हिला आझनावूर कुटुंबाने लपवून ठेवलं. बरोबर ऐंशी वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, मिसाक आणि मेलिने या दोघांना पांतेओंमध्ये स्थान मिळालं, व्हिक्टर ह्यूगो आणि झोला जिथे विसावले आहेत तिथे. तुमच्या पाठ्यपुस्तकात पांतेओंचा फोटो असतोच. तिथे चिरविश्रांती घेणाऱ्या एका माणसाने ‘ला बोएम’च्या गायकाला बुद्धिबळ शिकवलं होतं, हे मुलांना सांगून बघा. फोटो त्यांना वेगळाच दिसेल. आझनावूर भावंडांना युद्धकाळातल्या या मदतीबद्दल २०१७ मध्ये इस्राएलच्या राष्ट्राध्यक्षांनी, त्याच युद्धात ज्यूंना वाचवणाऱ्या राऊल वॉलेनबर्ग यांच्या नावाचं पदक दिलं. तो तेव्हा त्र्याण्णव वर्षांचा होता.

गायक म्हणून त्याला जे सोसावं लागलं ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं. पियेर रोशबरोबर जोडीने गाणं, १९४६ मध्ये प्रख्यात गायिका एदित प्याफशी गाठ, तिच्यासोबतचे दौरे, तिची कामं करत तिच्याकडून शिकणं. १९४८ च्या सुमारास रोश-आझनावूर ही जोडी कॅनडात माँट्रियालला गेली आणि क्यूबेकच्या कॅबरेंमध्ये खूप चालली. तुमच्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे तरी कॅनडाच्या अर्जासाठी फ्रेंच शिकतायत. त्यांना हे सांगाच, की नागरिकत्वाच्या कागदांच्या भानगडीतून गेलेल्या घरातला हा मुलगा त्याच शहरात रात्री-रात्री गाऊन पहिल्यांदा सुखाने जेवला.

फ्रान्समध्ये परतल्यावर मात्र समीक्षक तुटून पडले. आवाज घोगरा, एक स्वरतंतू अधू, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, चेहरा नायकाचा नव्हे. अशा माणसाने लोकांपुढे उभं राहणं हा वेडेपणा आहे असं छापून आलं. त्यानेही आपल्या उणिवा एकदा यादी करून मांडल्या होत्या आणि मग ठरवलं की यातलं बदलता येत नाही ते तसंच घेऊन गायचं. १२ डिसेंबर १९६० ला पॅरिसच्या आलांब्रा नाट्यगृहात त्याने ‘ज म्व्हवाये देजा’ म्हटलं: नाव कमवायला गाव सोडून आलेला आणि कधीच नाव न मिळालेला एक गायक आपली कहाणी सांगतो. हे गाणं आधी गायक ईव्ह मोंताँने नाकारलं होतं. गाता गाता आझनावूर कपडे चढवतो, जणू विंगेमागची खोली आपल्यासमोर उघडी आहे. त्या रात्रीनंतर त्याला कुणी थांबवू शकलं नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. १९६५ मध्ये ‘ला बोएम’, शब्द झाक प्लांतचे, चाल त्याची. मंचावर हे गाणं म्हणताना तो पांढऱ्या रुमालाला चित्रकाराचं फडकं करायचा आणि शेवटी तो रुमाल श्रोत्यांत भिरकावून द्यायचा. तुमच्या वर्गात नुसता आवाज लावला जातो. शक्य असेल तर चित्रफीत दाखवा. हात बघितल्याशिवाय आझनावूर अर्धाच ऐकू येतो.

इंग्रजी मुलखात त्याची ओळख १९७४ च्या ‘शी’ या गाण्याने झाली, चार आठवडे ते ब्रिटनच्या यादीत पहिलं होतं. आपल्याकडेही अनेकांना ते ‘नॉटिंग हिल’ चित्रपटामुळे, दुसऱ्याच्या आवाजात, माहीत असतं. मला ते त्याच्या उत्तम गाण्यांत धरवत नाही, फार गोड आहे. त्याच्या दोन वर्षं आधीचं ‘कॉम इल दीझ’ हे खरं धाडसाचं. आईसोबत राहणारा, रात्री स्त्रीवेशात काम करणारा एक समलिंगी पुरुष प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो. १९७२ साली हे गाऊ नकोस असं त्याला जवळच्यांनी बजावलं होतं. त्याने ते गायलं, आणि हसू येईल असं एकही अक्षर त्यात ठेवलं नाही. कॉलेजच्या वर्गात हे गाणं घ्यायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. तरी घ्यावं.

पण माझा मुख्य मुद्दा आर्मेनियाचा. त्याच्या कामात तो ठायीठायी आहे आणि आपल्याला दिसत नाही, कारण कुणी बोट ठेवून दाखवत नाही.

दिग्दर्शक फ्रांस्वा त्र्यूफोचा १९६० चा ‘तिरे स्यूर ल पियानिस्त’ तुमच्यापैकी अनेकांनी फिल्म क्लबमध्ये पाहिला असेल. त्यात आझनावूर नायक आहे, एका बारमध्ये पियानो वाजवणारा शार्ली. हळूहळू कळतं की हा पूर्वीचा नामांकित वादक आहे आणि ते आयुष्य त्याने मागे टाकलंय. त्याचं खरं नाव काय, तर एदुआर सारोयान. मूळ कथा अमेरिकन कादंबरीतली. आर्मेनियन आडनाव त्र्यूफोने दिलं, नटाकडे बघून. खरं नाव लपवून पॅरिसमध्ये वाजवत बसलेला माणूस, ही भूमिका आझनावूरकडे यावी यात मला मोठं मर्म दिसतं. आता पुढे या. २००२ मध्ये कॅनडातले आर्मेनियन वंशाचे दिग्दर्शक आतोम इगोयान यांनी ‘अरारात’ काढला, संहाराची स्मृती पुढच्या पिढ्या कशी वागवतात यावर. त्यात आझनावूर एका वयोवृद्ध चित्रपट दिग्दर्शकाच्या भूमिकेत आहे, आणि त्या पात्राचं नाव एडवर्ड सारोयान. बेचाळीस वर्षांनी तेच नाव परत आलं, आणि या वेळी ते धारण करणारा माणूस आपल्या लोकांची गोष्ट स्वतः पडद्यावर आणतोय. दोन्ही चित्रपटांतला एकेक प्रसंग लागोपाठ दाखवलात तर त्याचं सगळं चरित्र हाती येतं.

गाण्यांत हा भाग उशिरा आला, पण आला तो आडपडदा न ठेवता. संहाराला साठ वर्षं झाली तेव्हा, १९७५ मध्ये, त्याने ‘इल सों तोंबे’ केलं. चाल जॉर्ज गारव्हारेंत्झ यांची. ते ऐदाचे यजमान, आर्मेनियन निर्वासितांच्याच पोटी अथेन्समध्ये जन्मलेले. गाणं सुरू होतं ते का मरतोय हेही न उमगता कोसळलेल्या माणसांपासून, आणि शेवटाकडे गायक सांगतो की ज्यांना कबरसुद्धा लाभली नाही त्या लोकांपैकी मी आहे. १९७५ सालचा फ्रान्स आठवा. संहाराला संहार म्हणणारा कायदा फ्रान्समध्ये झाला २९ जानेवारी २००१ रोजी. म्हणजे सरकारला जे म्हणायला आणखी सव्वीस वर्षं लागली, ते रेडिओवरचा हा लोकप्रिय गायक म्हणून मोकळा झाला होता.

त्याच काळात बैरूतमध्ये आदिस हरमांडियानसारखे गायक थेट आर्मेनियन भाषेत पॉप गात होते, आणि जगभर विखुरलेल्या आर्मेनियन घरांत लग्नकार्यांना त्यांच्याच गाण्यांवर नाच होत असे. आझनावूरची वाट वेगळी. आर्मेनियन भाषेत त्याने फार थोडं गायलं. मुलगी सेदा हिच्यासोबत अठराव्या शतकातला आर्मेनियन कवी-गायक सायात-नोवा याची रचना म्हटली ती त्यातली मोलाची. आपलं दुःख त्याने यजमानांच्या भाषेत, यजमानांना पाठ होईल अशा चालीत घातलं. कोणती वाट थोर हा वाद मला घालायचा नाही. पण फ्रेंचच्या वर्गात दुसऱ्या वाटेचा हा माणूस आपल्या कामाचा आहे, कारण त्याने त्या भाषेला एक अशी आठवण वागवायला लावली जी तिची नव्हती.

७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात स्पिताकचा भूकंप झाला. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. शाळांच्या, कारखान्यांच्या, राहत्या चाळींच्या इमारती थंडीच्या ऐन कडाक्यात कोसळल्या. देश तेव्हा सोव्हिएत संघात होता. आझनावूरने फ्रान्समधल्या डझनावारी गायक-नटांना गोळा केलं आणि गारव्हारेंत्झच्या चालीवर ‘पूर त्वा आर्मेनी’ ध्वनिमुद्रित केलं. चित्रफीत केली आंरी व्हेर्नय यांनी. फ्रान्सचे हे मोठे दिग्दर्शक मूळचे अशोद मालाकियान, तेही असेच निर्वासित पोर. १९८९ मध्ये ते गाणं फ्रान्समध्ये कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्याचे पैसे भूकंपग्रस्तांकडे गेले. गाणं म्हणून ते साधं आहे, शब्दांत त्याची नेहमीची धार नाही. पण एरवी नकाशात आर्मेनिया शोधता न येणाऱ्या फ्रेंच घराघरांत ते नाव त्या वर्षी उच्चारलं गेलं, ते या माणसामुळे.

पुढचं मानसन्मानाचं. २००४ मध्ये आर्मेनियाने त्याला राष्ट्रीय वीर ठरवलं. २००८ च्या अखेरीस नागरिकत्व दिलं. २००९ मध्ये तो आर्मेनियाचा स्वित्झर्लंडमधला राजदूत झाला आणि जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांमध्ये त्या देशाच्या वतीने बसू लागला. नान्सेन पासपोर्टचा ठराव झाला होता ते राष्ट्रसंघाचं शहर हेच. मी शंभर टक्के फ्रेंच आणि शंभर टक्के आर्मेनियन, असं तो म्हणायचा, आणि हिशेब जुळवत बसायचा नाही.

१ ऑक्टोबर २०१८ ला, जपानचा दौरा आटोपून परतल्यावर, चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला. चारच दिवसांनी अँव्हालिदच्या प्रांगणात राष्ट्रीय मानवंदना झाली. आर्मेनियाचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही हजर होते. शवपेटी आली ती दुदुकच्या सुरावर. जर्दाळूच्या लाकडाचं ते आर्मेनियन वाद्य. फ्रेंच लष्कराच्या सर्वांत मानाच्या जागी, फ्रेंच राष्ट्राध्यक्षांसमोर ते वाजत होतं. ही चित्रफीत सहज मिळते. ‘सिव्हिलिझासियों’च्या, म्हणजे फ्रेंच संस्कृतीच्या, तासाला यापेक्षा चांगला पाठ मला सुचत नाही.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा डोक्यावर, पालक मार्क विचारतात, त्यात आर्मेनिया कुठे बसवायचा? अडचण खरी आहे. शिवाय आर्मेनियन म्हणजे कोण, हेही सांगावं लागेल. तर मुंबईतल्यांनी फोर्टमध्ये, जुन्या मेडोज स्ट्रीटवर, मुलांना घेऊन जावं. तिथे १७९६ मध्ये स्थापन झालेलं आर्मेनियन चर्च आहे. सुरत-मुंबईच्या व्यापारात ही मंडळी इंग्रजांच्या आधीपासून होती. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ मध्ये निघालं ते मद्रासला. आझनावूरच्या घराण्याशी याचा काही संबंध नाही, पण मुलांना ‘हे लोक कोण’ या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या पायाने चालत जाऊन मिळेल.

आणि व्याकरणाचा तास मोडायचा नसेल तर त्याचीही सोय आझनावूरनेच करून ठेवली आहे. १९८० चं ‘ओतोबियोग्राफी’ हे गाणं घ्या. ऱ्यू मस्य-ल-प्रँसवरच्या भाड्याच्या उदास खोलीत जन्म, भोवती रशियन आणि आर्मेनियन बोलणारे कलावंत, संगीतिकेत गाणारे वडील, नाटकात मोलकरणीची कामं करणारी आई, आणि कायमची पैशाची चणचण. सगळं त्याच्याच तोंडून, सावकाश, स्पष्ट उच्चारात. ‘ला बोएम’ तर चालू ठेवाच. त्याच्या पुढच्या तासाला याचे शब्द छापून द्या, क्रियापदं गाळून. इंपार्फे यातही भरपूर आहे.

आपला,
फ्रेंचचा एक माजी विद्यार्थी